भंडारदऱ्याची उन्हाळी सहल: कुटुंबासह, बेताच्या खर्चात

भंडारदरा म्हणजे थंड हवेचे ठिकाण, अशा समजुतीने मे महिन्यात पहिल्यांदा तिथे जाणाऱ्या कुटुंबाची दुपारी बारा वाजताच निराशा होते. हा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे पहाट, संध्याकाळ आणि रात्र सुखाची असते, पण भर दुपारी ऊन चांगलेच भाजते. एवढी एक गोष्ट मनाशी पक्की करून बेत आखला, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हा कोपरा मुंबई, पुणे आणि नाशिकच्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी फार मोलाचा आहे. इथे तलाव आहे, राज्यातले सर्वांत उंच शिखर आहे, प्राचीन मंदिर आहे, मेअखेरीस काजवे आहेत आणि हे सारे पन्नासेक किलोमीटरच्या फेऱ्यात आहे. माझ्या अनुभवात इथला खर्च तीन गोष्टींवर ठरतो: आपण आठवड्याच्या कोणत्या वारी जातो, कसे पोहोचतो आणि कोणाच्या घरी उतरतो. बाकीच्या काटकसरीने फारसे पैसे वाचत नाहीत, उलट मुलांची चिडचिड मात्र वाढते.

दिवस ठरवणे

सर्वांत आधी कॅलेंडर समोर घ्यावे. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गर्दी कमी असते, दर उतरलेले असतात आणि यजमानांना आपल्याशी बोलायला वेळ असतो. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. त्या काळात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून इतकी वाहने येतात की अरुंद रस्त्यांवर तासन् तास खोळंबा होतो. आमच्या पहिल्याच सहलीत आम्ही नेमक्या शनिवारी दुपारी निघालो. रात्री साडेनऊपर्यंत गाड्यांच्या रांगेतच अडकलो, धाकटी मांडीवर झोपून गेली आणि काजव्यांऐवजी आम्ही पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहत बसलो. पुढच्या वर्षी मंगळवारी गेलो, तेव्हा त्याच रस्त्यावर आमच्याखेरीज जेमतेम पाच-सहा वाहने होती आणि मुक्कामाचा दरही पुष्कळ कमी पडला. म्हणून रजा मिळत असेल तर सोमवार ते गुरुवार यांतले तीन दिवस घ्यावेत. रजेचा एक दिवस जास्त खर्ची पडला तरी पैशांचा आणि जिवाचा हिशेब फायद्यातच राहतो.

मुक्काम दोन रात्रींचा असावा. एका रात्रीत सगळी ठिकाणे उरकायची म्हटली की दिवसभर भाड्याच्या गाडीत बसावे लागते आणि खर्चाचा मोठा वाटा त्या गाडीवरच जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर जायचे असेल तर वळिवाचा आणि मोसमी पावसाचा अंदाज पाहूनच निघावे, कारण पाऊस सुरू झाला की पुढे सांगितलेल्यांपैकी काही ठिकाणी मुलांना नेणे धोक्याचे होते.

प्रवास

तलावाच्या काठचे मुख्य गाव शेंडी. मुक्काम, बाजार आणि एसटी यांचा संबंध याच गावाशी येतो, त्यामुळे चौकशी करताना ‘भंडारदरा’ आणि ‘शेंडी’ अशी दोन्ही नावे सांगावीत. मुंबई-ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी लोकलने कसारा गाठणे सर्वांत स्वस्त पडते. लांब पल्ल्याची गाडी मिळाली तर इगतपुरीला उतरावे. तिथून घोटीला यावे आणि घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी धरावी किंवा सामायिक जीप करावी. कसारा स्थानकाबाहेरही जीप उभ्या असतात. त्यांचे भाडे बसण्याआधी ठरवावे आणि जीप शेंडीपर्यंत नेणार की वारंघुशी फाट्यावर उतरवणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. फाट्यावर भर उन्हात सामान आणि मुले घेऊन थांबण्याचा प्रसंग आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांवर आला आहे. नाशिककरांसाठी हे अंतर साधारण सत्तर किलोमीटरचे आहे, त्यामुळे त्यांनी सकाळी निघाले तरी दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येते. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. अकोल्यापर्यंत एसटीने येऊन पुढे गाडी बदलता येते.

इथे एक सावधगिरीची सूचना अगदी मनापासून करतो. आपल्याला जायचे आहे ते तालुक्याचे गाव ‘अकोले’ आहे, विदर्भातले ‘अकोला’ नव्हे. बोलताना दोन्हींचे ‘अकोल्याला’ असेच होते आणि मोबाइलवर तिकीट काढताना यादीत ही नावे एकाखाली एक दिसतात. पैसे भरण्याआधी जिल्ह्याचे नाव वाचावे.

एसटीने गेल्यास सवलतींचा मोठा आधार मिळतो. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यातल्या एसटी प्रवासात तिकिटाच्या निम्मेच पैसे द्यावे लागतात, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुले असे कुटुंब असेल तर जवळपास निम्म्याहून अधिक जण सवलतीत बसतात. त्यासाठी ज्येष्ठांचे वय सिद्ध करणारे ओळखपत्र मूळ प्रतीत, हाताशी येईल असे ठेवावे. परतीच्या एसटीची वेळ पोहोचल्या पोहोचल्या शेंडीत विचारून घ्यावी, कारण दुपारनंतर गाड्या विरळ होतात आणि चुकलेल्या एका गाडीपायी खासगी जीपचे पूर्ण भाडे भरावे लागते.

मुक्काम ठरवणे

मुक्कामाचे तीन प्रकार आहेत: पर्यटन महामंडळाचे निवासस्थान व खासगी हॉटेले, तलावाकाठचे तंबू आणि गावातली घरे. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील आणि स्वच्छतागृह खोलीतच हवे असेल तर पहिला प्रकार सोयीचा, मात्र त्याचे आरक्षण बरेच आधी करावे लागते. तंबूंविषयी मी जरा सावध राहायला सांगेन. जाहिरातीत तंबूच्या दाराशी लाटा खेळताना दिसतात, ते छायाचित्र बहुधा ऑक्टोबरातले असते. उन्हाळ्यात धरणातून शेतीसाठी पाणी सोडले जाते, पातळी खाली जाते आणि पाण्याचा काठ कितीतरी आत सरकतो. अशाच एका जाहिरातीवर विसंबून आम्ही एकदा आगाऊ रक्कम भरली. गेल्यावर दिसले की तंबू उघड्या माळावर होते आणि पाणी अर्ध्या तासाच्या चालीवर. दुपारी त्या कापडाखाली बसणे अशक्य झाले आणि शेवटी गावातल्याच एका ओसरीचा आसरा घ्यावा लागला. तेव्हापासून मी आरक्षणापूर्वी त्याच आठवड्यात काढलेले छायाचित्र मागवतो आणि सावलीला झाड आहे का, हे पहिल्यांदा विचारतो.

गावातले घर हा माझ्या मते कुटुंबासाठी सर्वांत चांगला पर्याय आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांतून मुक्कामाची आणि जेवणाची सोय करणारी घरे आहेत. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. दर माणशी ठरतो आणि त्यात बहुधा दोन जेवणे, सकाळचा चहा व न्याहारी धरलेली असते. फोनवर बोलताना चार गोष्टी नीट विचाराव्यात: दरात नेमके काय काय येते, मुलांचा दर किती, स्वच्छतागृह घरालगत आहे की बाहेर आणि पाण्याची सोय कशी आहे. समजा, मोठ्या माणसाचा दर ८०० रुपये ठरला, आठ वर्षांच्या मुलाचा निम्मा आणि चार वर्षांच्या मुलीचे काही घेतले नाही, तर आई-बाबा व दोन मुले यांचा जेवणासकट एका दिवसाचा खर्च २,००० रुपये होतो आणि दोन रात्रींचा ४,०००. त्यात एका दिवसाचे जीपभाडे आणि जाण्या-येण्याचे तिकीट मिळवले की सहलीचा पुरा आकडा कागदावर येतो. ठरलेल्या दरात आणखी घासाघीस करू नये. आपण वाचवलेले शंभर रुपये त्या घराच्या उन्हाळ्यातल्या मोजक्या कमाईतून जातात.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम वर घेतला. ज्या गावांच्या डोळ्यांसमोर एवढा जलाशय आहे, त्यांतल्या काही वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायकांना विहिरीवरून हंडे वाहावे लागतात. आम्ही उतरलो त्या घरातल्या मावशींनी पहिल्याच संध्याकाळी मुलांना अंगणातली दोन पिंपे दाखवली आणि म्हणाल्या, “हे प्यायचं, हे वापरायचं. आंघोळीला एकेक बादली घ्या, पण सांडू नका बाबांनो.” मुलांनी तीन दिवस ते पाळले. पाहुण्यांनी हे न सांगताही पाळावे.

जेवण साधे आणि चविष्ट असते: नागलीची (म्हणजे नाचणीची) किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, डाळ-भात. पाहुणा शाकाहारी की मांसाहारी हे आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे अन्न वाया जात नाही. नागलीची भाकरी मुलांनी थापताना जरूर पाहावी. गरम पाण्यात उकड काढून मळलेले ते काळपट तांबूस पीठ परातीत हाताच्या कडेने फिरवत फिरवत मोठे होते, तव्यावर पडल्यावर त्याच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो आणि निखाऱ्यावर ते टम्म फुगते. आमच्या मुलाने तिथे पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या. मेमध्ये रस्त्याच्या कडेला करवंदे, जांभळे आणि गावरान आंबे घेऊन मुले बसलेली असतात. दुपारच्या खाण्यासाठी पाकिटातल्या पदार्थांऐवजी पानाच्या द्रोणातली करवंदे घ्यावीत.

सामान

सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, बंद बूट, रात्रीसाठी एक पातळ चादर, विजेरी, ओआरएसची पाकिटे आणि नेहमीची औषधे पुरेशी आहेत. पाण्याच्या बाटल्या घरून घ्याव्यात आणि मुक्कामाच्या ठिकाणी भरून घ्याव्यात. मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही, त्यामुळे रोख पैसे, तेही सुट्ट्या नोटांत, जवळ ठेवावेत आणि यजमानाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. विंचू आणि साप या भागात आहेत. सकाळी बूट झटकूनच पाय घालावेत आणि रात्री अंधारात अनवाणी फिरू नये. काही झालेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा यजमानाच्या मदतीने थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

दोन दिवसांचा बेत

दिवसाचे दोन तुकडे करावेत: पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर. मधले तास सावलीत, जेवणात आणि झोपेत घालवावेत. हे न पाळणाऱ्या कुटुंबातली मुले दुसऱ्या दिवशी आजारी पडतात.

पोहोचलेल्या संध्याकाळी धरण आणि जलाशय पाहावा. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले आणि तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. धरणाखालचा छत्रीच्या आकाराचा ‘अम्ब्रेला’ धबधबा उन्हाळ्यात पाहायला मिळेल की नाही, हे आवर्तनावर अवलंबून असते. ‘आवर्तन सुटलंय का?’ असा प्रश्न शेंडीत कोणालाही विचारावा, नेमके उत्तर मिळते. खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतीसाठी पाणी सुटलेले असेल तर भर मेमध्ये तो पांढरा झोत दिसतो, नाहीतर कोरडा खडक. मुलांना आधीच तसे सांगून ठेवावे.

पाण्यात उतरण्याविषयी मात्र ठाम राहावे. पातळी उतरलेली असताना काठ सपाट आणि निरुपद्रवी दिसतो, पण वरून वाळलेल्या गाळाखाली पाय रुततो आणि पुढे उतार एकाएकी खोल जातो. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसांनीही इथे पोहू नये. मुलांना पाण्यात खेळायचे असेल तर गावकरी दाखवतील त्याच जागी, घोट्याएवढ्या पाण्यात आणि हात धरून खेळू द्यावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप ठरवून तलावाला वेढा घालणाऱ्या रस्त्याने निघावे. दोन कुटुंबांनी मिळून जीप केली तर भाडे निम्म्यावर येते आणि मुक्कामाच्या घरी दुसरे पाहुणे असतील तर आदल्या रात्रीच तसे बोलून घ्यावे. पहिला थांबा रतनवाडीचा अमृतेश्वर. रतनगडाच्या पायथ्याचे, बारीक कोरीव कामाचे हे प्राचीन शिवमंदिर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे, कारण त्या वेळी दगडातल्या नक्षीच्या सावल्या पडतात आणि एकेक आकृती उठून दिसते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंड त्यात बुडते, त्यामुळे ती नीट पाहायची तर कोरडे दिवसच बरे. शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर मुलांना थोडा वेळ बसू द्यावे. रतनगडाची चढाई लांब आहे आणि तिला शिड्या आहेत. लहान मुलांसह उन्हाळ्यात ती करू नये.

तिथून साम्रद. गावाजवळची सांदण दरी म्हणजे दोन उंच कातळभिंतींमधली अरुंद घळ आहे आणि आत शिरताच हवा बदलते. दहा वर्षांवरच्या मुलांना घेऊन सुरुवातीच्या मोठ्या दगडांपर्यंत, स्थानिक वाटाड्यासह जावे. पायांखालचे दगड हलतात, म्हणून दोन्ही हात मोकळे हवेत. आकाशात ढग असतील तर आत मुळीच शिरू नये, कारण घळीत पाणी एकदम भरते आणि वर चढायला जागा नसते. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना साम्रदमध्ये झाडाखाली बसवावे आणि आपण तासाभरात परतावे. घाटघरचा कोकणकडा वेढ्यातच लागतो. कड्यावर वारा जोराचा असतो. कठड्याच्या अलीकडे थांबूनही खालच्या कोकणाचा पूर्ण देखावा दिसतो, तेव्हा छायाचित्रासाठी कोणीही पुढे सरकू नये.

हा सारा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर माणशी व वाहनामागे शुल्क घेतले जाते, त्याची पावती घ्यावी आणि दिवसभर जपून ठेवावी. आत चूल पेटवणे, मोठ्याने गाणी लावणे, मद्य नेणे आणि प्लास्टिक टाकणे चालत नाही.

कळसूबाईला जावे का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते. १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच आहे, वाट ठळक आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. मुले दहा-बारा वर्षांची आणि चालायची सवय असलेली असतील तर जरूर जावे, पण पायथ्याच्या बारी गावातून पहाटे चारच्या सुमारास चढायला लागावे, माणशी तीन लिटर पाणी घ्यावे आणि दहाच्या आत खाली पोहोचण्याच्या बेताने चालावे. त्यासाठी आदली रात्र बारीतच काढावी. शिडीवर मुलाच्या खाली नेहमी एक मोठे माणूस असावे. मुले याहून लहान असतील तर पायथ्याच्या गावातून शिखर पाहूनही सकाळ सुंदर जाते.

काजवे

मेच्या उत्तरार्धात गेलेल्यांनी काजव्यांसाठी एक रात्र राखून ठेवावी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर ते हजारोंनी जमतात. अंधार पुरता पडला की आधी एखाद-दुसरा ठिपका दिसतो, मग एक फांदी उजळते आणि काही वेळाने सबंध झाड एका लयीत पेटते व विझते. ही लय म्हणजे त्यांची विणीची भाषा आहे. नर उडताना चमकून खूण करतो आणि मादी झुडपावरून किंवा गवतातून प्रकाशानेच उत्तर देते. गाडीचे दिवे, मोबाइलचा प्रकाश किंवा विजेरी झाडावर पडली की ही खूण हरवते आणि वर्षभर जमिनीत, पालापाचोळ्यात वाढलेल्या किड्याला मिळालेले मोजके दिवस वाया जातात. म्हणून वाहन लांब उभे करून त्याचे दिवे बंद करावेत, विजेरी फक्त पायांपुरती आणि खाली वापरावी, गवतात शिरू नये आणि काजवे पकडून बाटलीत भरू नयेत. मुलांना हे आदल्या दिवशी समजावून सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. गावच्या मुक्कामाचा फायदा इथे कळतो: यजमान आपल्याला घरामागच्या झाडाशी पायी नेतात, त्यामुळे ना गाडी लागते ना गर्दी. वन विभाग या दिवसांत प्रवेशाच्या वेळा ठरवून देतो. त्या नाक्यावर विचारून घ्याव्यात.

निघताना

परतीच्या दिवशी सकाळी लवकर हिशेब पूर्ण करावा आणि पैसे शक्यतो घरातल्या ज्या बाईने तीन दिवस रांधून घातले तिच्या हाती द्यावेत. विकत न्यायचेच असेल तर या भागातला हातसडीचा तांदूळ किंवा नागली घरातूनच किलोवर घ्यावी. आपल्याबरोबर आलेला प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा पिशवीत बांधून शहरात परत न्यावा, कारण या गावांत तो उचलायला कोणतीही गाडी येत नाही. पिण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात आणि पहिल्या एसटीच्या वेळेआधी वीस मिनिटे शेंडीच्या थांब्यावर उभे राहावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गाडी शेंडीतूनच भरून निघते.